म्युझिकल थिएटरचे पदव्युत्तर शिक्षण: शाखेच्या निवडीपासून लघुप्रबंधापर्यंत

म्युझिकल थिएटर, म्हणजे गाणी, संवाद आणि नृत्य यांतून कथा सांगणारे पाश्चात्त्य संगीतनाट्य, या एकाच नावाखाली विद्यापीठे आणि कन्झर्व्हेटरी (संगीत-नाट्याचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था) पदव्युत्तर पातळीवर किमान चार वेगवेगळे विषय शिकवतात. पहिला विषय गायन, अभिनय आणि नृत्य या तिन्हींवर उभा असलेला रंगमंचीय सादरीकरणाचा. दुसरा संहिता, गीते आणि संगीत लिहिण्याचा. तिसरा संगीत-दिग्दर्शनाचा, म्हणजे गायकवृंद तयार करण्यापासून वाद्यवृंद चालवण्यापर्यंतचा. आणि चौथा या कलाप्रकाराच्या इतिहासाचा व विश्लेषणाचा. प्रवेशाच्या अटी, वर्गातला दिनक्रम, खर्चाचे स्वरूप आणि पदवीनंतरचे काम या सगळ्याच बाबतींत हे विषय एकमेकांपासून इतके दूर आहेत की "मला म्युझिकल थिएटरमध्ये मास्टर्स करायचे आहे" एवढ्या वाक्यावर कोणताही सल्ला देता येत नाही. त्यामुळे तयारीची सुरुवात संस्थांची यादी करण्यापासून करू नये.

पहिली पायरी: आपल्याला नेमके काय येत नाही, ते लिहून काढणे

पदवी शिक्षणात विद्यार्थ्याला सगळे थोडे थोडे शिकवले जाते. पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र त्याला काहीतरी आधीच चांगले येते असे गृहीत धरतो आणि उरलेली उणीव भरून काढायला वेळ देतो. शास्त्रीय पाश्चात्त्य गायनात पदवी घेतलेल्या गायिकेला आवाज लावता येतो, पण संवादातून गाण्यात शिरताना तिचे पात्र नाहीसे होते. नाटकात मुरलेल्या नटाला तो प्रवेश सहज जमतो, पण तीन आवाजांच्या स्वरमेळात मधली ओळ धरून ठेवता येत नाही. या दोघांनी एकाच अभ्यासक्रमाला अर्ज केला, तरी त्यांचे हेतुपत्र (प्रवेश का हवा हे सांगणारे अर्जासोबतचे पत्र) वेगळे असायला हवे, आणि कित्येकदा त्यांनी अर्जही वेगवेगळ्या ठिकाणी करायला हवेत. गायन, अभिनय, नृत्य, संगीतवाचन आणि लेखन या पाच बाबींत आपण कुठे आहोत, हे स्वतःच्या मतावर न सोडता त्या त्या विषयातील शिक्षकाकडून तपासून घ्यावे. संगीतवाचनाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण एका वर्षाच्या अभ्यासक्रमात नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, मुळापासून शिकवायला कोणाकडेही वेळ नसतो आणि पहिल्याच आठवड्यात हातात पडणारी प्रत पियानो-व्होकल स्कोअरची, म्हणजे गायनाच्या ओळी आणि पियानोची साथ स्वरलेखनात छापलेल्या प्रतीची, असते.

दुसरी पायरी: पदवीचा प्रकार समजून घेणे

ब्रिटनमधील पूर्ण मास्टर्स पदवी 180 श्रेयांकांची असते. एक श्रेयांक म्हणजे सुमारे 10 तासांचे काम, म्हणजे पदवीचे एकूण काम 1,800 तासांच्या घरात जाते आणि पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी ते साधारण 12 महिन्यांत संपवतो. पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा 120 श्रेयांकांचा असतो; त्यात बहुधा शेवटचा लघुप्रबंध किंवा मोठा प्रकल्प नसतो. ज्याला फक्त रंगमंचावर काम करायचे आहे, त्याला डिप्लोमा पुरेसा ठरू शकतो. ज्याला पुढे शिकवायचे आहे किंवा डॉक्टरेटकडे जायचे आहे, त्याने मात्र ते 60 श्रेयांक सोडू नयेत.

अमेरिकेत एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही पदवी साधारण दोन ते तीन वर्षांची असते, आणि कलेच्या प्रत्यक्ष अध्यापनासाठी ती अंतिम पदवी मानली जाते, म्हणजे विद्यापीठात शिकवण्यासाठी तिच्यावर पीएचडी असलीच पाहिजे असा आग्रह सहसा नसतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूलमधील ग्रॅज्युएट म्युझिकल थिएटर रायटिंग प्रोग्राम हा फक्त लेखक आणि संगीतकारांसाठीचा दोन वर्षांचा एमएफए आहे. पहिल्या वर्षी तिथे गीतकार आणि संगीतकारांच्या जोड्या सतत बदलत राहतात, आणि दुसऱ्या वर्षी प्रत्येक जोडी पूर्ण लांबीचे म्युझिकल प्रबंध म्हणून लिहिते. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक आणि ग्लासगोची रॉयल कन्झर्व्हेटॉयर ऑफ स्कॉटलंड यांनी सादरीकरणाबरोबरच संगीत-दिग्दर्शनाचीही पदव्युत्तर वाट ठेवली आहे. गोल्डस्मिथ्सने लेखक आणि निर्माते या दोन वाटांचा अभ्यासक्रम चालवला आहे. अभ्यासक्रम बंद होतात, नावे बदलतात, दोन शाखा एकत्र केल्या जातात. त्यामुळे अर्जाच्या वर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर शाखा चालू असल्याची खात्री करूनच पुढे जावे.

पदवीची गरज नसलेलीही एक वाट आहे, आणि लेखकांनी तिचा गांभीर्याने विचार करावा. न्यूयॉर्कमधील बीएमआय लेहमन एंगेल म्युझिकल थिएटर वर्कशॉप 1961 पासून चालू आहे. निवड झालेल्यांना तिथे शुल्क पडत नाही, मात्र त्या शहरात राहण्याचा खर्च स्वतःच करावा लागतो.

तिसरी पायरी: माहितीपत्रक बाजूला ठेवून अभ्यासक्रम वाचणे

माहितीपत्रकातील छायाचित्रे सगळीकडे सारखीच असतात. बघायच्या त्या मॉड्यूलच्या तपशिलांच्या फायली, ज्यांत प्रत्येक विषयाचे श्रेयांक, मूल्यमापनाची पद्धत आणि आठवड्याचे तास दिलेले असतात. एकट्याने होणारा गायनाचा तास आठवड्याला किती वेळ मिळतो आणि तो कोण घेतो, वर्षभरात पूर्ण प्रयोग किती होतात, त्यांत प्रत्येकाला बोलती भूमिका मिळते की अर्धा वर्ग समूहातच उभा राहतो, वर्षअखेरचे सादरीकरण एजंट आणि कास्टिंग दिग्दर्शकांसमोर होते का, हे प्रश्न ईमेलने विचारावेत. नीट चालणारी संस्था त्यांची सरळ उत्तरे देते. उत्तरात नुसतेच कौतुकाचे शब्द आले, तर त्यावरूनही बरेच कळते.

या सगळ्याहून मी एका गोष्टीला जास्त वजन देतो: शेजारच्या वर्गात कोण शिकते आहे. म्युझिकल हे कुणा एकाचे काम कधीच नसते. संगीत-दिग्दर्शनाचे विद्यार्थी त्याच इमारतीत असतील, तर सादरीकरणाच्या विद्यार्थ्याला रोज नव्या पियानोवादकाबरोबर काम करायची सवय होते. लेखक जवळ असतील, तर अजून कोणी न गायलेले गाणे पहिल्यांदा गाण्याची संधी मिळते, आणि व्यवसायात त्या कौशल्याची फार गरज पडते. ज्या संस्थेत केवळ गायक-नट आहेत आणि साथ ध्वनिमुद्रित ट्रॅकवर होते, ती कितीही प्रसिद्ध असली तरी पदव्युत्तर वर्ष घालवायची जागा म्हणून मला कमी प्रतीची वाटते.

चौथी पायरी: ऑडिशन किंवा नमुनाकाम

सादरीकरणाच्या शाखांमध्ये आधी चित्रफीत मागवतात आणि निवडलेल्यांना प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन बोलावतात. सामान्यपणे परस्परविरोधी स्वभावाची दोन गाणी, एक स्वगत आणि सामूहिक नृत्याची फेरी असे त्याचे स्वरूप असते. दोन गाण्यांपैकी एक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या परंपरेतले आणि एक अलीकडचे असावे, म्हणजे आवाजाच्या दोन वेगळ्या पद्धती ऐकवता येतात. जुन्या गाण्यांना शास्त्रीय वळणाचा, मस्तकस्वराकडे झुकणारा आवाज लागतो, त्याला व्यवसायात "लेजिट" म्हणतात. नव्या गाण्यांत "बेल्ट", म्हणजे छातीच्या स्वराचा जोर वरच्या पट्टीपर्यंत नेणारा आवाज, आणि या दोहोंमधला "मिक्स" लागतो. ऑडिशनच्या धास्तीने बेल्ट वरवर ताणत नेणाऱ्या उमेदवाराविषयी परीक्षकांना पहिली शंका येते ती आठवड्याला 8 प्रयोग करायचा त्याचा आवाज टिकेल का, याची.

गाणे पूर्ण ऐकतीलच असे नाही. "16 बार" ही मागणी अगदी नेहमीची आहे. बार म्हणजे लिखित संगीतातला ठरावीक मात्रांचा एक खंड; चार मात्रांच्या बारमध्ये 16 बार म्हणजे 64 मात्रा. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत त्या 32 सेकंदांत संपतात, आणि 72 च्या संथ लयीत सुमारे 53 सेकंद चालतात. तेवढ्यात परीक्षकाला एक माणूस एका मनःस्थितीतून दुसरीत जाताना दिसला पाहिजे. जुन्या गाण्यांची नेहमीची घडण 32 बारची असते: आठ बारचा एक भाग, त्याचीच पुनरावृत्ती, मग वेगळ्या चालीचा आठ बारचा मध्यभाग आणि शेवटी मूळ चालीकडे परत. म्हणून साधारणपणे मध्यभाग आणि शेवटचा भाग मिळून होणारे 16 बार निवडावेत, कारण विचार पालटतो तो मध्यभागात आणि त्या पालटाचे परिणाम शेवटच्या आठ बारांत ऐकू येतात. पहिले 16 बार गायले, तर एकच चाल दोनदा ऐकवली जाते आणि गाणे जिथून घडू लागते तिथेच ते थांबते.

पियानोवादकाला द्यायची प्रत पाठपोट छापलेली, रिंग फाइलमध्ये न चमकणाऱ्या कागदावर लावलेली आणि आपल्याच पट्टीतली असावी. तोंडी "दोन सूर खाली घ्या" असे सांगू नये. कुठून सुरुवात, कुठे उडी, कुठे शेवट हे ठळक खुणांनी दाखवावे. लय सांगताना चुटक्या न वाजवता गाण्याची ओळ हळूच गुणगुणून दाखवावी, म्हणजे लय आणि बाज दोन्ही एकदम कळतात. बाजारात मिळणारी निवडक गाण्यांची पुस्तके कित्येकदा मूळ पट्टी बदलून आणि साथ सोपी करून छापलेली असतात. तीच प्रत आणली की मूळ स्कोअर माहीत असलेल्या परीक्षकाला ते लगेच कळते.

संगीत-दिग्दर्शनाच्या उमेदवाराकडून पियानो, पाहताक्षणी वाचन आणि गायकाला शिकवण्याचे प्रात्यक्षिक मागतात. व्हॅम्पचा सराव त्याने आवर्जून करावा. नट संवाद संपवेपर्यंत तेच एक-दोन बार फिरवत राहायचे आणि ठरलेल्या शब्दाला न अडखळता पुढे सरकायचे, हे कागदावर सोपे दिसते, पण त्यासाठी हात कीबोर्डवर, कान संवादाकडे आणि डोळे नटाकडे ठेवावे लागतात.

लेखक आणि संगीतकारांनी नमुन्यात जी गाणी पाठवायची, त्यांतले निदान एक तरी विशिष्ट पात्रासाठी, विशिष्ट प्रसंगात लिहिलेले असावे. सुटी, कुणालाही गाता येतील अशी सुंदर गाणी पाठवणारे उमेदवार पुष्कळ असतात. समितीला हवा असतो तो गाण्याच्या शेवटी पात्राची परिस्थिती बदलली असल्याचा पुरावा.

पाचवी पायरी: हेतुपत्र, संशोधन-प्रस्ताव आणि पैसा

हेतुपत्रात लहानपणापासूनच्या आवडीवर खर्च झालेला प्रत्येक परिच्छेद वाया जातो. मला अमुक येते, तमुक येत नाही, आणि तुमच्या या मॉड्यूलमधून ते मिळेल असे मला या कारणाने वाटते, ही रचना पुरेशी आहे. पहिल्या पायरीतील यादी इथे कामाला येते.

संशोधनाच्या वाटेने जाणाऱ्याला प्रस्ताव लिहावा लागतो, आणि तिथे बहुतेकांचा विषय गरजेपेक्षा दहापट मोठा असतो. "म्युझिकलमधील स्त्रीप्रतिमा" हा लघुप्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. 31 मार्च 1943 रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आलेले "ओक्लाहोमा!" हे म्युझिकल आणि 2019 मध्ये तिथेच डॅनियल फिशच्या दिग्दर्शनाखाली झालेले त्याचे पुनरुज्जीवन मात्र चांगला विषय देते. शब्द आणि चाली जवळपास त्याच राहिल्या, पण रॉबर्ट रसेल बेनेट यांनी ज्यासाठी वाद्ययोजना केली होती त्या मोठ्या वाद्यवृंदाच्या जागी अवघ्या 7 वादकांचा ताफा आला. वाद्ये बदलल्यामुळे नाटकाचा अर्थ कुठे कुठे बदलला, हा प्रश्न 15 हजार शब्दांत मावतो, त्याचा पुरावा कानांनी तपासता येतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी उत्तर देता येते.

पैशाचा हिशेब करताना शिक्षणशुल्क आणि राहण्याचा खर्च सगळेच धरतात. ऑडिशन शुल्क, चित्रफितीसाठी पियानोवादकाचे मानधन, नृत्याची पादत्राणे, स्कोअरच्या प्रती आणि लघुप्रबंधासाठी संग्रहालयापर्यंतचा प्रवास मात्र राहून जातो. परदेशी विद्यार्थ्याने कामाच्या परवानगीचे नियम प्रवेशाआधीच वाचावेत. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक मनोरंजनकार म्हणून काम करण्यास मनाई आहे. म्हणजे शिकता शिकता रंगमंचावर कमावून शुल्क भरू, हा बेत तिथे मुळातच बेकायदा ठरतो. अमेरिकेत एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर पदवीनंतर आपल्या विषयातील प्रत्यक्ष कामासाठी ओपीटी (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग) अंतर्गत 12 महिन्यांपर्यंत परवानगी मिळू शकते, पण तिच्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो.

सहावी पायरी: वर्ष सुरू झाल्यावर अभ्यास कसा करावा

सगळ्या शाखांना समान असलेले काम म्हणजे गाणे नाट्यदृष्ट्या वाचणे. "कॅरोसेल" (1945) या म्युझिकलमधले बिली बिगेलो याचे दीर्घ एकल गाणे त्यासाठी उत्तम, कारण सात-आठ मिनिटे रंगमंचावर तो एकटाच असतो आणि तरीही कथा पुढे सरकते. आपण बाप होणार हे त्याला नुकतेच कळले आहे. आधी तो मुलगाच होणार असे धरून फुशारक्या मारतो, तो काय काय करील आणि कोणाचे ऐकणार नाही हे सांगत सुटतो. मग मुलगी झाली तर, हा विचार मनात येताच संगीताची चालती गती मोडते. त्यानंतरची चाल हळुवार आहे, आणि तिच्यातूनच पैसा कुठून आणायचा ही घालमेल सुरू होते. शेवटी वाटेल त्या मार्गाने पैसा मिळवायचा या निर्धारावर गाणे संपते आणि पुढच्या दरोड्याला कारण मिळते.

हे गाणे अभ्यासताना कोऱ्या कागदावर तीन रकाने करावेत. पहिल्यात पात्राला त्या क्षणी काय हवे आहे, दुसऱ्यात संगीतात काय बदलले (लय, पट्टी, साथीतील वाद्ये, स्वरांची झेप), आणि तिसऱ्यात ते दोन्ही बदल एकाच क्षणी होतात की मागेपुढे. तिसऱ्या रकान्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. संगीत आधी बदलले, तर पात्राच्या मनात काय चालले आहे ते त्याच्या आधी प्रेक्षकाला कळते. शब्द आधी बदलले आणि साथ जुन्याच वळणाने चालू राहिली, तर पात्र स्वतःशी खोटे बोलत असल्याची शंका घेता येते. नटाला यातून श्वासाच्या जागा मिळतात, संगीत-दिग्दर्शकाला लयीचे निर्णय मिळतात, आणि अभ्यासकाला वादाचा मुद्दा. या क्षेत्रातला मोठा वाद नेमका इथेच आहे: गाणी कथेत विरघळून जावीत असे मानणारे एका बाजूला, आणि गाणे सुरू होताच कथेचा काळ थांबून वेगळा काळ सुरू होतो व त्या फटीतच या कलाप्रकाराची ताकद आहे असे मानणारे दुसऱ्या बाजूला. "स्टडीज इन म्युझिकल थिएटर" या 2007 पासून निघणाऱ्या संशोधनपत्रिकेचे अंक चाळले, तर या वादाच्या अनेक छटा सापडतील.

सादरीकरणाच्या विद्यार्थ्याने आवाजाचा हिशेब पहिल्या आठवड्यापासून ठेवावा. दिवसभरात नृत्य, गायकवृंद, एकल गायन आणि संध्याकाळची तालीम असेल, तर प्रत्येक वेळी पूर्ण आवाजात गाणे हे कष्टाळूपणाचे लक्षण समजू नये. सूर आणि जागा अचूक ठेवून हलक्या आवाजात तालीम करणे, ज्याला "मार्किंग" म्हणतात, हे शिकून घ्यायचे तंत्र आहे. दोन-तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा गेला नाही, तर गायनशिक्षकाच्या उपायांवर विसंबून न राहता स्वरयंत्र तपासणाऱ्या डॉक्टरकडे जावे.

सातवी पायरी: लघुप्रबंध आणि संग्रह

यूट्यूबवरील तुकड्यांवर लघुप्रबंध उभा करू नये. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समधील थिएटर ऑन फिल्म अँड टेप आर्काइव्हमध्ये 1970 पासून प्रत्यक्ष प्रयोगांची चित्रमुद्रणे जतन केली जातात. ती तिथेच, आधी वेळ ठरवून आणि संशोधनाचे कारण सांगून पाहावी लागतात, आणि त्यांची प्रत मिळत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा असाच संग्रह 1992 पासून आहे. वॉशिंग्टनमधील लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे संगीतकार-गीतकार गर्शविन बंधूंची आणि संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांची कागदपत्रे आहेत. प्रयोग थांबवून पुन्हा पाहण्याची मुभा कितपत मिळेल हे आधी विचारून ठेवावे, आणि मुख्य म्हणजे हातात स्कोअर घेऊनच बसावे, नाहीतर टिपणांत केवळ प्रकाशयोजना आणि वेशभूषा उरते.

कोणती प्रत वाचतो आहोत याकडेही लक्ष हवे. परवाना कंपन्यांकडून (प्रयोगाचे हक्क देणाऱ्या कंपन्यांकडून) मिळणारी संहिता पहिल्या प्रयोगाच्या संहितेहून कित्येकदा वेगळी असते, कारण मधल्या पुनरुज्जीवनांतील बदल तिच्यात उतरलेले असतात. 1940 च्या दशकाविषयी विधान करताना खूप नंतरची प्रत वापरली, तर परीक्षक पहिला प्रश्न तिच्यावरच विचारील.

हक्क आणि करार

प्रबंध म्हणून जे रूपांतर लिहायचे, त्याच्या मूळ कलाकृतीचे हक्क पहिल्या दिवशी तपासावेत. देशादेशाचे नियम वेगळे असल्याने इथे फसगत होते. "शो बोट" म्युझिकलची 1927 मध्ये प्रसिद्ध झालेली गाणी अमेरिकेतील 95 वर्षांच्या नियमानुसार 2023 च्या सुरुवातीला कॉपीराइटमधून मुक्त झाली. ब्रिटनमध्ये मात्र लेखक किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षांचा नियम आहे. गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन 1960 मध्ये वारले, म्हणून त्यांचे शब्द तिथे 2030 संपेपर्यंत संरक्षित आहेत. आणि ज्या कादंबरीवर ते म्युझिकल आधारलेले आहे, तिच्या लेखिका एडना फर्बर 1968 मध्ये वारल्या, म्हणून तिचे संरक्षण 2038 च्या अखेरपर्यंत आहे. वर्गातल्या वाचनाला सहसा अडचण येत नाही. तिकीट लावून किंवा बाहेरच्या महोत्सवात प्रयोग करायचा, की परवाना लागतोच.

नव्या कामाबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. अभ्यासक्रमात जुळलेल्या लेखक-संगीतकाराच्या जोडीने पदवी हातात पडण्याआधी साध्या शब्दांत लेखी करार करावा. संहिता, गीते आणि संगीत यांचे श्रेय कोणाचे, उत्पन्नाची वाटणी कशी, जोडी फुटली तर संगीतकाराला चाली आणि गीतकाराला शब्द परत नेता येतील का, रूपांतर असल्यास मूळ हक्कांसाठी कोण पत्रव्यवहार करणार, आणि विद्यापीठाचा त्या कामावर काही हक्क राहतो का, या पाच मुद्द्यांवर त्यात स्पष्ट उत्तरे असावीत. शेवटचा मुद्दा विद्यार्थी-नियमावलीत बौद्धिक संपदेच्या कलमाखाली सापडतो. तो प्रवेश स्वीकारण्यापूर्वीच वाचावा, आणि त्यातली एखादी अट मान्य नसेल, तर सही करण्याआधी तसे लेखी विचारावे.